प्राथमिक वर्गातील काव्यरचना

प्राथमिक शाळेत कविता शिकविली जाते ती पाठांतरासाठी. मूल ती तालासुरात म्हणते, अर्थही सांगते. परंतु स्वतःची एखादी ओळ त्याने रचावी, असे त्यास सहसा कोणी सुचवीत नाही. आधी शुद्धलेखन सुधारावे, मग कवित्व, अशी आपली समजूत!

न्यूयॉर्क येथे केनेथ कोक या कवीने १९६८ साली ही समजूत बाजूस सारली. कोलंबिया विद्यापीठातील हा प्राध्यापक एका सरकारी प्राथमिक शाळेत जाऊ लागला. युक्ती साधी होती. प्रत्येक मुलाने आपल्या मनीची एक इच्छा एका ओळीत लिहावयाची, सर्व ओळी सलग वाचावयाच्या, की झाली वर्गाची कविता! शुद्धलेखनाची चिंता नाही आणि यमकाची सक्तीही नाही. खरे मर्म या शेवटच्या सवलतीत आहे. यमकाच्या मागे लागलेले मूल मनातले सोडून जुळेल ते लिहिते. आणि मराठीत तर यमक फार चटकन जुळते!

ज्या मुलाची घरची बोली पुस्तकी भाषेहून निराळी, ते वर्गात गप्प बसते आणि मंद ठरते. वस्तुतः बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची खानदेशी बोलीतील गाणी इतरांनी उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली ती ग्रंथरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. ज्या मुलास अद्याप नीट लिहिता येत नाही, त्याची ओळ गुरुजींनी तशीच, त्याच्याच बोलीत, फळ्यावर उतरवून घ्यावी. खडू तेवढा काही वेळ मुलाच्या सेवेस लागेल.