शोधनिबंधांचे आकडे आणि संशोधनाचे मोल
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



कर्करोग विभागासाठी येणाऱ्या अर्जांसोबत आता शोधनिबंधांची यादी असते आणि यादीखाली काही आकडे असतात : निबंधांची संख्या, इतरांनी केलेले उल्लेख, एच-निर्देशांक. संशोधनासाठी राखलेला निधी याच आकड्यांच्या प्रमाणात वाटावा, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब दिसावा, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. आकड्यांशी आमचे वैर नाही. तथापि हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे निर्णयापूर्वी सभेपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केली. एखाद्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, याचा माग काढण्याचे ते साधन होते. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. ज्या संशोधकाच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख लाभले, त्याचा निर्देशांक २०. एकच निबंध हजार वेळा उल्लेखिला गेला, तरी या निर्देशांकात त्याची भर एकाचीच.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे संयुक्त कार्य होते. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. डॉ. शंकरनारायणन व सहकाऱ्यांचा त्यावरील निबंध २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. हा निबंध जगभर आधारभूत मानला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत याच प्रकारच्या तपासणीला प्रथम पसंती दिली.

या निबंधाचे उल्लेख मोजले, तर मोठा आकडा हाती येतो. पण त्या आकड्यात सारे एकत्र मिसळलेले असते. एका गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवले, यावर नीतिशास्त्राच्या अंगाने टीका झाली. ती टीका करणाऱ्याचा उल्लेखही स्तुतीइतकाच एक धरला जातो. उलटपक्षी, गावोगाव हिंडून नोंदी घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षे त्या स्त्रियांची खबर ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या खात्यावर बहुधा काहीच जमा होत नाही. वास्तविक त्या नोंदी नसत्या, तर ३४ आणि ६४ हे आकडे कोणालाही लिहिता आले नसते.

दुसरे उदाहरण ड्यूक विद्यापीठाचे. रुग्णाच्या गाठीतील जनुकांवरून कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते, असा निबंध तेथील संशोधकांनी २००६ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये लिहिला. त्याचे उल्लेखही भराभर वाढले. कीथ बॅगर्ली व केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडेवारीचा ताळा पाहिला, तेव्हा नोंदी एका ओळीने सरकलेल्या आणि खुणा उलटसुलट झालेल्या आढळल्या. त्या रीतीने रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. त्या २०१० मध्ये बंद झाल्या आणि २०११ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. उलाढाल मोठी म्हणून पेढी सचोटीची ठरत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. संशोधनासही तोच नियम लागू आहे.

म्हणून आमचे दोन प्रस्ताव आहेत. पहिला : निवडीच्या वेळी अर्जदाराने आपले तीनच निबंध द्यावेत, त्यांतून रुग्णाचे काय भले झाले ते लिहावे, आणि निवड समितीने ते निबंध प्रत्यक्ष वाचावेत. निबंधाचा आशय पाहावा, नियतकालिकाचा प्रभावांक नव्हे, असा आग्रह सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ साली तयार झालेल्या जाहीरनाम्यातही आहे. दुसरा : निधीतील पहिला वाटा रुग्णनोंदीसाठी असावा. उपचार संपवून घरी गेलेला रुग्ण वर्षभराने, पाच वर्षांनी कसा आहे, हे विचारणारा माणूस आणि ते लिहून ठेवणारी वही आपल्याकडे कायम असली पाहिजे.

या खर्चातून लगेच निबंध निघणार नाहीत, आणि पुढील अहवालात मिरविण्याजोगा आकडाही कदाचित नसेल. परंतु ज्यांच्या नावाने आपण देणगी मागतो, ते रुग्ण पुढे जगले की नाही, याचे उत्तर आपल्यापाशी असेल. सभेने या प्रस्तावांचा विचार करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.