भंडाऱ्याचा तांदूळ, मालवणचा वाटा

आमच्या भंडारा जिल्ह्यात समुद्र सोडून पाण्याचे सगळे प्रकार आहेत. वैनगंगा आहे, नाले आहेत, गावोगावी तलाव आणि बोड्या आहेत, पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं मोठं धरण आहे. खारं पाणी बघायचं तर मात्र रेल्वेने नऊशे किलोमीटर तरी जावं लागतं. गंमत अशी, की नकाशावर पट्टी ठेवली तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आम्हाला जवळ पडतो. वैनगंगेचं पाणीसुद्धा प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने तिकडेच जातं. अरबी समुद्राशी आमची ओळख शाळेच्या भूगोलापुरती.

ती वाढवावी म्हणून २००३ सालच्या डिसेंबरात मी एकटाच निघालो. पाठीवर एक सॅक, खिशात बेताचे पैसे आणि छत्तीस फोटोंचा रोल भरलेला उसना कॅमेरा. बेत गोव्याचा होता. मालवणला एक रात्र थांबायचं, किल्ला बघायचा आणि पुढे सरकायचं.

लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावात ही गोष्ट कुणाला पटली नाही. कामाशिवाय, नातेवाइकाशिवाय आणि देवदर्शनाशिवाय माणूस इतक्या लांब कशाला जातो? वडील म्हणाले, "समुद्र पाहाले? आपल्या तलावात पाणी नाही का गा?" शेजारचे ढिवरकाका जन्मभर तलावात मासे धरत आलेले. त्यांनी वेगळीच मागणी केली. "त्या पाण्यात मीठ असते म्हणतात. एक शिशी भरून आन. चाखून पाहातो." आणि आईने सॅकमधले माझे दोन सदरे बाहेर काढून त्या जागी चार किलो चिन्नोर तांदूळ बांधून दिला. परक्या गावात कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहू नये, एवढंच तिचं म्हणणं.

चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, सुवासिक तांदूळ. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा मात्र तो माझ्या पाठीवरचं नुसतं ओझं होता. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. ही गाडी गोंदियाहून निघून राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोल्हापूरला जाते. तिथून एसटीने गगनबावडा, मग करूळचा घाट. घाट उतरताना हवा बदलली, मातीचा रंग बदलला, आणि सॅक मांडीवर घेऊन घेऊन पाय बधिर झाले. चार किलोंना मी मनातल्या मनात बरंच काही बोललो.

मालवणला न्याहारी-निवासाची सोय असलेल्या एका घरात दीडशे रुपये रोजाने खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर गेलो, तर तिथे तीस-चाळीस माणसं दोन रांगा करून दोर ओढत होती. मी लांब उभा राहून फोटो काढू लागलो. रांगेतल्या माझ्याच वयाच्या एका मुलाने मागे वळून पाहिलं आणि ओरडला, "उबो कित्याक रवलंस? दोरी धर!"

धरली.

ती रापण होती. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवतात. होडी उरलेलं जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठा अर्धगोल करत ते पाण्यात सोडते आणि दुसरं टोक बरंच लांब किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींजवळ येत जातात. इंजिन नाही, चाक नाही. दोर ओला, खरखरीत, मिठाने चरचरणारा. अर्ध्या तासात माझे तळहात सोलले. पाय वाळूत कसे रोवायचे आणि पाठीने जोर कसा लावायचा, हे माझ्या पुढच्या म्हाताऱ्या आजोबांनी न बोलता दाखवलं. ते त्या मुलाचे आजोबा. दोन-अडीच तासांनी जाळ्याचा घोळ वाळूवर आला, आणि आत बांगडे, पेडवे, खेकडे, सगळं तडफडत चमकत होतं.

वाटे पडू लागले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. मी बाजूला सरकलो, तर आजोबांनी पाच बांगडे आणि ओंजळभर पेडवे माझ्या पुढ्यात टाकले. "हो तुझो वाटो." मी म्हटलं, मी तर प्रवासी आहे. ते म्हणाले, दोरी ओढलीस ना?

आता हे मासे घेऊन मी जाणार कुठे? तो मुलगा मला सरळ आपल्या घरी घेऊन गेला. वाटेत चौकशी झाली. "खंयसून इलंस?" भंडाऱ्याहून. "म्हंजे भंडारी?" नाही, भंडारा जिल्हा. "जेवणाचो भंडारो?" शेवटी नागपूर सांगितलं तेव्हा सुटलो. आमच्या जिल्ह्याच्या माणसाला हा शेवटचा उपाय सगळीकडेच करावा लागतो.

त्याच्या आईने मासे घेतले आणि मी सॅकमधून तांदूळ काढला. काकींनी मूठभर हातावर घेतला, नाकाशी नेला. "हो तांदूळ खंयचो?" विदर्भात भाकरी खातात, असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं, पश्चिमेकडे ज्वारी खातात, पण आम्ही पूर्वेकडचे लोक भातावर जगतो, आणि मिळाले की मासेही खातो. हे ऐकून घरातली सगळी माणसं जरा सैल बसली. त्या दिवशी तिरफळं घातलेली बांगड्याची कढी आणि चिन्नोरचा भात जेवलो. त्यांच्या घरात उकडा तांदूळ रोजचा. हा पांढरा, वासाचा भात त्यांना सणाचा वाटला, आणि ओल्या नारळाचा रस्सा मला.

एका रात्रीचे नऊ दिवस झाले. सकाळी दोर, दुपारी झोप, संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गप्पा. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला मी चौथ्या दिवशी पाहिला, तोही तो मुलगा खेचून घेऊन गेला म्हणून. मला त्यांच्या कामाचं अप्रूप, त्यांना आमच्या तलावांचं. मी सांगायचो, की आमच्याकडे कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले, पावसाचं पाणी अडवून धान पिकवला. पुढे ते मालगुजारांकडे होते म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. तेव्हापासून गाळ कुणी काढायचा, हा प्रश्न पडून आहे. तो मुलगा मन लावून ऐकायचा आणि विचारायचा, "तळ्याक भरती येता काय?"

सुटीचे शेवटचे दोन दिवस गोव्यात हरमलला काढले. तिथेही मित्र झाले. झोपडीवजा हॉटेलात एका टेबलाशी चार देशांची मुलं. सगळ्यांच्या पाठीवर माझ्यापेक्षा मोठ्या सॅक आणि हातात जाडजूड प्रवास-पुस्तकं. ही पुस्तकं काढणारी 'लोन्ली प्लॅनेट' कंपनी १९७३ साली एका तरुण जोडप्याने सुरू केली. लंडनहून आशियामार्गे ऑस्ट्रेलियाला स्वस्तात कसं पोचलो, एवढंच त्यांनी पहिल्या पुस्तकात लिहिलं होतं. हरमलची मुलं मनमोकळी होती. दोन तासांत त्यांनी मला प्रेमभंगापासून पोटाच्या विकारापर्यंत सगळं सांगितलं. सकाळी ई-मेलचे पत्ते दिले-घेतले आणि निघून गेली. मला त्यांची टिंगल करायची नाही. पुन्हा भेटायचं नसलं की माणूस मोकळा बोलतो, आणि त्या बोलण्यालाही किंमत असते. पण तिथे कुणी मला दोरी धर म्हटलं नाही.

तरीही मंडळी, त्या मुलांपेक्षा मी चांगला निघालो असं समजू नका. मालवण सोडताना मी आजोबांचा फोटो काढला होता. कमरेला पंचा, हातात दोर, तोंडभर हसू. एसटीत चढताना त्यांनी सांगितलं होतं, "फोटो धाड हां. इसरू नको." गावी आल्यावर रोल धुऊन आणला. फोटो झकास आला होता. चार लोकांना दाखवला, पाकिटात घातला, कपाटात ठेवला. पत्ता होता. पोस्टकार्ड तेव्हा पन्नास पैशांना मिळत होतं. आज पाठवू, उद्या पाठवू, करत महिने गेले, आणि मग इतका उशीर झाला की पाठवायची लाज वाटू लागली. ढिवरकाकांची शिशी तर मी मालवणातच विसरलो होतो. त्यांनी एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही.

२०११ साली एका कामासाठी कोल्हापूरला जाणं झालं, तेव्हा फोटो घेऊन मालवण गाठलं. पुन्हा चार किलो चिन्नोर होता. या वेळी मीच मागून घेतला. घर सापडलं. आत जाताच भिंतीवर हार घातलेली तसबीर दिसली. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणून मतदान ओळखपत्रावरचं टिकलीएवढं चित्र स्टुडिओत मोठं करून घेतलं होतं. चेहऱ्याच्या जागी नुसते करडे ठिपके. डोळे कुठे आहेत, तेही नीट कळत नव्हतं.

मी पाकीट काढलं. काकींनी फोटो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे नेला आणि पुष्कळ वेळाने विचारलं, "इतकी वर्सां खंय होतो हो?" त्यांनी फोटोबद्दल विचारलं की माझ्याबद्दल, ते कळलं नाही. दोन्हीचं उत्तर एकच होतं आणि ते देता येण्याजोगं नव्हतं. मित्र काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने हाक मारली. मी उठलो आणि दोराला लागलो. रांग पूर्वीपेक्षा तोकडी होती, ओढ हलकी होती. मासळीच्या थव्यांना खोल पाण्यातच वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांबद्दल किनाऱ्यावर सगळे चिडून बोलत होते. २०१६ साली राज्य शासनाने त्या मासेमारीवर मर्यादा घातली. पण तो वाद तेव्हाही मिटला नाही.

त्या वेळी निघताना मी पहिल्यांदाच एक गोष्ट बोललो. "आता तू ये." इतकी वर्षं हे सुचलंच नव्हतं. पाठीवर सॅक टाकून जाणारा मी आणि किनाऱ्यावर भेटणारे ते, हीच जणू ठरलेली मांडणी. त्यांना माझं घर बघायचं असेल, हा विचार मनात येऊ नये, याचं आज नवल वाटतं.

तो आला २०१४ च्या जुलैमध्ये. समुद्रात मासेमारीबंदी, म्हणून त्याला सवड. आमच्याकडे ऐन रोवणी. स्टेशनवरून घरी येऊन चहा झाला आणि मी त्याला अंगणात खाट टाकून देणार, तर हा पँट दुमडून सरळ बांधीत उतरला. आम्ही ज्याला पऱ्हे म्हणतो, त्याला ते तरवो म्हणतात, पण चिखलात अंगठा रोवायची रीत तीच. त्याची ओळ वाकडी जाऊ लागली तशा रोवणीच्या बाया हसू लागल्या. संध्याकाळपर्यंत ओळ सरळ झाली. वडिलांनी त्याला बाकीच्यांबरोबर मजुरी मोजून दिली. त्याने ती घेतली, खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून हसला.

मग त्याने पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. आईसाठी तिरफळं, आणि प्लास्टिकची एक बाटली. अकरा वर्षांपूर्वी ढिवरकाकांच्या शिशीची गोष्ट मी गप्पांत कधीतरी सांगितली होती म्हणे. मला आठवत नव्हतं. काकांना बोलावलं. त्यांनी तळहातावर थोडं पाणी घेतलं, जीभ लावली, थुंकले आणि पुन्हा जीभ लावली. "खारटच आहे गा," ते म्हणाले. "यात मासा जगते कसा?" यावर पुढे दोन तास चर्चा चालली. एक मालवणीत बोलत होता, एक झाडीबोलीत. मी दुभाषी म्हणून बसलो होतो, पण माझी गरज पडेना.

दुसऱ्या दिवशी दोघं तलावावर गेले. फेकायचं जाळं दोघांकडेही असतं. मालवणात त्याला पाग म्हणतात. काका खांद्यावरून टाकायचे, मित्र कोपरावर घेऊन. प्रत्येकाला दुसऱ्याची पद्धत चुकीची वाटली. त्यानंतर गोसीखुर्दला गेलो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेच्या वाटेने या जलाशयात येतं. काठाशी उभं राहून मित्राने पाणी हुंगलं. काका म्हणाले, इथल्या माशाला आता गिऱ्हाईक नाक मुरडते. मित्राने पर्ससीनचं सांगितलं. मग बराच वेळ दोघं गप्प बसून पाण्याकडे बघत राहिले.

त्यानंतर तो आणखी दोनदा आला, मी तीनदा गेलो. पण खरी ये-जा वेगळीच चालू आहे. नारळी पौर्णिमेला आमच्या ढिवरकाकांचा फोन मालवणला जातो आणि पोळ्याला मालवणचा फोन काकांना येतो. मागच्या वर्षी आमच्या भागात पाऊस लांबला होता, तेव्हा तलाव किती भरला हे मित्राला माझ्या आधी ठाऊक होतं.