मानसशास्त्राची शिकवणी आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला प्रश्नच विषय म्हणून दिला आहे. अनुभवी विद्यापीठीय प्राध्यापकाकडे मानसशास्त्राची खासगी शिकवणी लावावी काय? प्रश्न लहान दिसतो. तथापि आज आपल्या पुष्कळ घरांत तो बोलला जातो. मुलगी बारावीला कला शाखेतून मानसशास्त्र घेते व पुढे बी. ए., एम. ए. ला तोच विषय चालू ठेवते. एखादा मुलगा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेस ऐच्छिक म्हणून तो निवडतो. तेथे त्याच्या दोन प्रश्नपत्रिकांस मिळून ५०० गुण असतात. आईवडिलांपैकी कोणीच हा विषय शिकलेले नसते. मग कोणी सुचविते की, अमुक वसाहतीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांनी तीस वर्षे विद्यापीठात शिकविले आहे, त्यांच्याकडे पाठवा. फी ऐकल्यावर घरात दोन दिवस कोणी त्याबद्दल बोलत नाही.

मी स्वतः हयातभर हाच विषय शिकविला आणि निवृत्तीनंतर चार-दोन विद्यार्थी घरी घेतो. म्हणजे या प्रश्नात माझा हितसंबंध आहे. तेव्हा माझे बोलणे तितके वजा करून ऐकावे.

इंग्रजीची व गणिताची शिकवणी या शहरास नवी नाही. मानसशास्त्राचे तसे नाही, आणि त्यास कारण आहे. येथील शासकीय महाविद्यालय १९२३ चे, मिलिंद महाविद्यालय १९५० चे. परंतु या सर्वांच्या परीक्षांची दोरी हैद्राबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या हाती होती, व त्या विद्यापीठाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू होते. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. औरंगाबाद या नावाने वाढलेल्या आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणविणाऱ्या आपल्या शहरात मराठी घरांतील विद्यापीठीय शिक्षणाची परंपरा अशी एका माणसाच्या आयुष्याएवढीच आहे. मुलाला अडले तर विचारावयास घरात वडीलधारे कोणी नाही. शिकवणीचे खरे मागणे येथून उत्पन्न झाले आहे. त्यास केवळ परीक्षेचा हव्यास म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

आता मौज अशी की, शिकवणीचा उपयोग किती, हा प्रश्न मानसशास्त्रानेच मोजून पाहिला आहे. अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली लिहिले की, स्वतंत्र शिक्षक मिळालेला सामान्य विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जातो. हे वाक्य शिकवणीवाल्यांस फार प्रिय आहे. परंतु पुढे २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लाभ दिसला खरा, पण ब्लूम यांनी सांगितलेल्या मापाच्या निम्म्याहूनही कमी. लाभ कशाने होतो, हा प्रश्न याहून मोलाचा. मिशेलिन ची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी शिक्षकांस समजावून सांगण्याची बंदी केली. शिक्षकांनी फक्त 'असे का?', 'आणखी सांग', 'हे तू तुझ्या शब्दांत मांड', एवढेच म्हणावयाचे. विद्यार्थी तरीही तितकेच शिकले! तीस वर्षांच्या अनुभवाचा जो भाग प्राध्यापकाच्या जिभेवर असतो तो भाग शिष्याला वाटतो तेवढा उपयोगाचा नव्हे. नेमका कोणता प्रश्न केव्हा विचारावा व नंतर किती वेळ गप्प बसावे, हा जो दुसरा भाग, त्यासाठी फी द्यावी.

टिपणांचेही तेच. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली काही विद्यार्थ्यांस एक उतारा पुनःपुन्हा वाचावयास लावला, आणि इतरांस एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहावयास लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांस ७५. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६. जी शिकवणी सुंदर छापील टिपणे देऊन विद्यार्थ्यास घरी धाडते, ती त्याला पहिल्या प्रकारात बसविते. आणि पालक त्या टिपणांच्या जाडीवरून शिक्षकाची योग्यता ठरवितात!

पण मानसशास्त्राच्या शिकवणीची खरी गोष्ट याच्याही पलीकडे आहे. हा विषय प्रयोगाचा आहे. १८७९ साली लाइपझिग येथे वुंट यांनी प्रयोगशाळा थाटली तेव्हापासून तो तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा निघाला. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली त्यास स्वतंत्र विभाग दिला. प्रयोगास दोन माणसे लागतात, एक प्रयोग करणारा आणि एक ज्याच्यावर करावयाचा तो. एकट्या मुलास समोर बसवून घेतलेल्या शिकवणीत हे दुसरे माणूसच नसते.

एबिंगहाउस यांचा स्मृतीचा प्रयोग घ्या. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ते स्वतःच प्रयोगकर्ते व स्वतःच प्रयोज्य. जुन्या आठवणींची मदत होऊ नये म्हणून त्यांनी सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. आमच्याकडील मुले हा प्रयोग पुस्तकातील इंग्रजी यादी उतरून उरकतात. मी त्यांस सांगतो, मराठीत यादी करा. आणि मग घटकाभर जी झुंबड उडते ती पाहण्यासारखी असते. दोन अक्षरे जोडली की मराठीत बहुधा काहीतरी अर्थ निघतोच. 'नग', 'मठ', 'टक' ही तर सरळ बाद. 'खळ' हा एका मुलाने निरर्थक म्हणून लिहिला; शेजारच्या मुलीने सांगितले की, आमच्या घरी कापडास लावावयाला खळ करतात. 'मख' कोणास 'मख्ख' ची आठवण देतो, 'ठम' कोणास 'ठाम' ची. शेवटी 'घफ', 'ढझ', 'ठफ' असले काही हाती लागते तोवर तास संपत आलेला असतो. परंतु त्या तासात मुलांस कळून चुकलेले असते की, अर्थ हा शब्दात नसून ऐकणाऱ्याच्या पूर्वानुभवात असतो, आणि शहरातल्या व खेड्यातल्या मुलांची एकच यादी सारखी निरर्थक नसते. परीक्षेत यावर पाच गुणांचाही प्रश्न येत नसेल. पण ज्याने ही यादी स्वतः केली त्याला 'प्रयोगातील नियंत्रण' या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

यादी करण्याचा हा खटाटोप आमच्याच घरातला नाही. बिने यांची बुद्धिमापन कसोटी कन्नड व मराठी मुलांसाठी बसविताना व्ही. व्ही. कामत यांना केवळ भाषांतराने भागले नाही. प्रश्न आपल्याकडील मुलांवर पडताळून त्यांचे वय-क्रम ठरवावे लागले. ते काम १९४० साली ग्रंथरूपाने आले. पुण्यास १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी काढणारे अप्पा पेंडसे हेही मानसशास्त्राचेच डॉक्टर. आयते सूत्र परक्या मुलखातून आले तरी माप आपल्या मुलांवर घ्यावे लागते, हे या मंडळींनी करून दाखविले आहे.

आता एका नाजुक गोष्टीकडे वळतो. मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हटले की पालकांच्या मनात शिक्षक व वैद्य यांची गल्लत होते. मुलीला शिकवणीस सोडावयास आलेले वडील जाता जाता म्हणतात, "सर, धाकट्याचेही जरा बघा, अभ्यासात मन लागत नाही." कोणी बुद्ध्यंक काढून मागते, कोणी मुलीच्या मनात लग्नाविषयी काय आहे ते काढून घ्या म्हणून विनविते. हे होता कामा नये. विषय शिकविणे हे एक काम; मनाच्या दुखण्यावर उपचार करणे हे निराळे, त्याचे शिक्षण निराळे, आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नुसत्या एम. ए. च्या अगर अध्यापनाच्या बळावर ते करता येत नाही. मनोविकारांचे प्रकरण शिकवावयास घेतले की पुढील आठवडाभर विद्यार्थ्यास घरातील प्रत्येक माणूस रुग्ण वाटू लागतो, आणि मामा तर हमखास! त्याचे हसू येते. परंतु त्याच प्रकरणाशी एखादी मुलगी थांबते आणि हलक्या आवाजात म्हणते, "सर, यातले बरेच मला होते." तेथे शिक्षकाने पुस्तक मिटावे, ऐकून घ्यावे, व तिला योग्य ठिकाणी जाण्याचा मार्ग दाखवावा. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६; मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. जिवाला धोका दिसला तर घरच्यांस सांगावेच लागते, आणि तेही तिला सांगूनच. एरवी तिने विश्वासाने उच्चारलेले वाक्य फी देणाऱ्या वडिलांच्या कानी घालणे शिक्षकास शोभत नाही. पालकहो, हे आपणांस कठोर वाटेल. पण दारामागे उभे राहणारे कोणी नाही याची खात्री असल्याखेरीज मूल मनातले बोलत नाही.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. शाळेतील शिक्षकांस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने खासगी शिकवणी मना आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांस विद्यापीठ अनुदान आयोगाची आचारसंहिता सांगते की, कर्तव्यात बाधा येण्याजोग्या शिकवण्यांपासून दूर राहावे. म्हणून सेवेत असलेल्या प्राध्यापकाकडे मुलास पाठविण्यापूर्वी विचार करावा, आणि जो त्याच विषयाची प्रश्नपत्रिका काढतो किंवा उत्तरपत्रिका तपासतो त्याच्याकडे तर पाठवूच नये, मग तो कितीही विद्वान असो. निवृत्ताने फी घेण्यात मला गैर दिसत नाही. मात्र ती महिन्याची असावी. वर्षाची एकरकमी मागणाऱ्याकडून मूल मध्येच काढून घेणे पालकांस जड जाते.

मंडळाजवळ मी एक मागणे मागणार आहे. शिष्यवृत्तीचा निधी आपण वह्यापुस्तकांवर व बक्षिसांवर वाटतो. त्यातील काही भाग राखून सभागृहाची मागची खोली रविवारी सकाळी दोन तास उघडी ठेवावी. सहा विद्यार्थी, तीन जोड्या, आळीपाळीने प्रयोगकर्ता आणि प्रयोज्य. साहित्य फारसे लागत नाही: सेकंदकाटा असलेले घड्याळ, पुठ्ठ्याची पाने, रंगीत खडू, एक आरसा. ज्ञातीबाहेरील मुले आली तरी हरकत नसावी. उलट, सगळे प्रयोज्य एकाच घरातले असले की प्रयोग फुकट जातो. पहिले वर्षभर मी विनामूल्य येईन. त्यानंतर मंडळाने मानधन ठरवावे, किंवा माझ्याहून तरुण व अधिक जाणता मनुष्य शोधावा. नावे चिटणीसांकडे आजच द्यावीत; सहाच्या वर झाली तर दुसरी तुकडी करू, एकाच तुकडीत दहा जण घेणार नाही.