कातड्याची मुंज
(युवक शिबिरातील भाषण)



मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. मी संस्कृत नाटकावर बोलायचं म्हंजे पंडितांच्या पोटात दुखणार. दुखू द्या.

केरळात कूडियाट्टम नावाचं संस्कृत नाटक आहे. ते देवळाच्या आवारातल्या खास नाट्यघरात होतं. त्याला कूत्तंबलम म्हणतात. परंपरेनं नट चाक्यार जातीचा, वाजवणारा नंब्यार, स्त्रीभूमिका नंब्यार घरातल्या बायकांची. एकेक अंक रात्रीमागून रात्री चालतो. पुढं समई. दोन वाती नटाकडे, एक प्रेक्षकाकडे. प्रेक्षक सवर्ण. आपल्याकडे एकही वात नाही.

आता वाद्य बघा. मिळावू. तांब्याचा मोठा रांजण, तोंडावर ताणलेलं कातडं. रिवाज असा, की या वाद्याची मुंज लावतात. त्याला ब्रह्मचारी मानतात. निकामी झालं की माणसासारखे अंत्यसंस्कार करतात.

मेलेल्या जनावराचं कातडं द्विज होऊन देवळात बसतं. आणि जित्या माणसाला वायकोमला देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यासाठी 1924-25 मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्रावणकोरची देवळं उघडली 1936 साली. आपण 1930 ला काळारामाच्या दारात उभे होतो. दार तेच, भाषा वेगळी.

मी नटाला नावं ठेवत नाही. डोळ्यांनी, बोटांनी बोलायला तो वर्षानुवर्षं राबतो. त्यातला विदूषक मल्याळममध्ये राजालाही टोमणे हाणतो. पण भिंतीच्या आत! ज्याचं रक्त आटवलं तो ऐकायला हजर नसेल तर असली टीका म्हंजे नुसत्या गुदगुल्या.

दंतकथा सांगते, अठराव्या शतकातला कुंचन नंब्यार मिळावू वाजवताना पेंगला. चाक्यारानं भर खेळात त्याची टर उडवली. दुसऱ्या दिवशी त्यानं साध्या मल्याळममध्ये आपला खेळ उभा केला. तोच तुळ्ळल. लोक तिकडं वळले.

पुढं 1949 ला पैंकुळम राम चाक्यारांनी कूत्तु देवळाबाहेर आणलं. जातवाले खवळले. 1965 पासून केरळ कलामंडलममध्ये ही विद्या शिकवू लागले, इतर जातींनाही. 2001 ला युनेस्कोनं गौरव केला. अन् 2022 ला? इरिंजालकुडाच्या कूडलमाणिक्यम देवळानं एका भरतनाट्यम नर्तिकेचा कार्यक्रम, ती हिंदू नाही म्हणून, रद्द केला.

म्हणून कुणी 'महान वारसा' म्हणालं की विचारा, दाराबाहेर कोण होतं?

आंबेडकरी जलशाच्या डफाची मुंज कुणी लावली नाही. म्हणूनच तो वस्तीत वाजला, सगळ्यांसाठी वाजला.

जय भीम.