रस्ता ओलांडण्यास लागणारा वेळ



तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची सवय असलेल्या या सभेत आम्ही फुटपाथावर बोलणार, हे कळल्यावर काहींना हसू आले असेल. पण आपणांपैकी पुष्कळजण येथे पायी आलेले आहेत आणि व्याख्यान संपल्यावर अंधारातून पायीच घरी जाणार आहेत. तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

सन २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते; म्हणजे दररोज सुमारे नव्वद. हे सारे मुंबई-पुण्यातच घडते असे मानून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

लहान गावातला फुटपाथ म्हणजे बहुधा गटारावर टाकलेल्या फरश्या. एक खचलेली, दुसरीवर दुकानाची पाटी, तिसरीवर मोटारसायकल. चौथी येण्यापूर्वीच माणूस रस्त्यावर उतरलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे चालण्यास किमान १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट मोकळी जागा हवी आणि फुटपाथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. ही दुसरी अट आम्हांला अधिक मोलाची वाटते. गुडघे दुखणारी आजी गुडघाभर उंच फुटपाथावर चढतच नाही. ती डांबरावरून चालते, आणि आपण तिलाच बोल लावतो.

आता ओलांडण्याविषयी. रस्ता आपण फुटांत मोजतो. तो एकदा सेकंदांत मोजून पाहावा. सात मीटरांचा रस्ता धडधाकट माणूस सहा सेकंदांत पार करतो. काठी टेकीत जाणाऱ्यास दहा लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात सुमारे १४० मीटर येते. म्हणजे त्या म्हाताऱ्या माणसाने तिन्हीसांजेला, मंद नजरेने, १४० मीटरांवरच्या दिव्याचा अंदाज घ्यावा अशी आपली अपेक्षा! चालकाचे म्हणाल, तर समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तरी गाडी १४ मीटर पुढे आलेली असते. वेग ३० असेल तर आठच मीटर. रस्त्याच्या मध्यावर उभे राहण्यापुरता ओटा बांधला, तर दहा सेकंदांचे दोन वेळा पाच होतात. याला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

पांढऱ्या पट्ट्यांची हकीगतही ऐकण्याजोगी आहे. इंग्लंडात १९५१ साली ते अधिकृतपणे आले, ते चालकाला दुरून दिसावेत म्हणून; आणि पट्ट्यांवर पाऊल टाकलेल्यास वाट देणे त्याच्यावर बंधनकारक होते. आपल्याकडेही २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांत, सिग्नल नसलेल्या अशा जागी चालकाने गती कमी करून, थांबून पादचाऱ्यास वाट द्यावी असे आहे. आपण मात्र इंग्रजाचा रंग तेवढा घेतला. शिवाय पट्टे काढतात ते काढणाऱ्याच्या सोयीच्या जागी. माणसे ओलांडतात दवाखान्यासमोर आणि एस. टी. स्टँडच्या दाराशी.

स्पेनमध्ये पोंतेवेद्रा नावाचे सुमारे ऐंशी हजार वस्तीचे शहर आहे. तेथील नगराध्यक्षांनी १९९९ पासून जुन्या पेठेतून मोटारींची वर्दळ हटविली, आणि गावाचा एक नकाशा छापला. त्यात अमुक चौकातून तमुक चौकात चालत किती मिनिटांत जाता येते ते दाखविले आहे. आपली पेठ एकदम बंद करा असे आम्ही म्हणत नाही. व्यापारी मंडळी समोरच बसली आहेत.

फेरीवाल्यांना हुसकले की काम झाले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्यांना जागा नेमून देण्यासाठी समिती असावी लागते. भाजीवाल्या मावशी पाटी डोक्यावर घेऊन चालतच येतात. पादचाऱ्यांत त्यांचीही गणना आहे.

नगरपालिकेने पुढचा रंग देण्यापूर्वी माणसे कोठे ओलांडतात याची खडूने खूण करावी, असा अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यासोबत मोजणी जोडावयाची आहे. येत्या बाजारच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही स्टँडसमोर असू. सवड असेल त्यांनी घड्याळ घेऊन यावे.