रिकामं पिंप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी भाषेचा अभ्यासक नाही. १९७४ ते २००८ अशी चौतीस वर्षं मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली. माल आला की मोजायचा, नोंदवायचा. गेला की वजा करायचा. त्यामुळे भाषा आपल्याला जग कसं दाखवते, या विषयावर बोलायला बोलावणं आलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणणार होतो. पण या विषयाची माझी शिकवणी एका पिंपापाशी झाली आहे. तिची फी मात्र दुसऱ्याच माणसाने भरली. तेवढंच आज सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. रंगकामाला लागणारं थिनर आमच्याकडे दोनशे लिटरच्या पिंपांतून येई. भरलेली पिंपं कुलुपात असत. बाहेर ‘धूम्रपान सक्त मना’ अशी तांबडी पाटी, वाळूच्या बादल्या, असा सगळा बंदोबस्त. वापरून झालेली पिंपं मात्र मागच्या शेडमध्ये पडलेली असत. तिथे माझ्याच हाताने खडूने लिहिलेली पाटी होती : ‘रिकामी पिंपं’. जेवणाच्या सुटीत माणसं त्या पिंपांवर बसून विडी ओढत. मीही तिथे बसलेलो आहे.

एके दिवशी पाणी साठवायला पिंप हवं होतं. आमच्या एका हेल्परने त्यातलं एक बाहेर ओढलं आणि वरचा पत्रा कापायला गॅस कटर आणला. त्याने मला विचारलंसुद्धा, ‘‘साहेब, हे रिकामंच आहे ना?’’ मी पिंप हलवून पाहिलं. आत काही खळखळलं नाही. ‘‘रिकामं आहे, घे,’’ असं म्हणून मी वळलो आणि मागे स्फोट झाला. तो माणूस वाचला. उजवा डोळा मात्र गेला.

चौकशीच्या वेळी एका साहेबांनी मला समजावून सांगितलं, ते अजून पाठ आहे. थिनर पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. भरलेल्या पिंपात हवेला जागाच थोडी असते. ‘रिकाम्या’ पिंपात तळाला राहिलेल्या थेंबांची वाफ असते आणि भरपूर हवा असते. म्हणजे कुलुपातल्या पिंपांपेक्षा आम्ही ज्यांच्यावर बसून विड्या ओढत होतो, ती पिंपं अधिक घातक होती. मी पाटीवर खोटं लिहिलं नव्हतं. स्टॉकच्या वहीप्रमाणे त्यात शून्य लिटर थिनर होतं. पण ‘रिकामी’ असं वाचल्यावर आत काय आहे, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मलाही पडला नाही.

निवृत्तीनंतर हा प्रसंग मी माझ्या भाचीला सांगितला. ती भाषाविज्ञान शिकवते. ती एकदम म्हणाली, ‘‘मामा, हे तर वोर्फचं पिंप!’’

बेंजामिन ली वोर्फ हा अमेरिकेतला गृहस्थ. शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीचं, नोकरी हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत. आगी का लागतात, कशा टाळता येतील, हे पाहणं त्याचं काम. फावल्या वेळात तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचा अभ्यास करी. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बेफिकीर होतात, सिगारेटची थोटकं टाकतात. माणसं वस्तूकडे पाहून वागत नाहीत, वस्तूला दिलेल्या नावाकडे पाहून वागतात, असं त्याला म्हणायचं होतं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या पाटीच्या पंचेचाळीस वर्षं आधी हे छापलं गेलं होतं.

भाचीने मला लगेच सावधही केलं. वोर्फचं सगळंच खरं मानू नये. हॉपी लोकांच्या भाषेत काळाची कल्पनाच नाही, असं त्याने म्हटलं होतं. पण एकेहार्ट मालोत्की या अभ्यासकाने १९८३ साली त्याच भाषेतली काळ दाखवणारी ढीगभर उदाहरणं ग्रंथरूपाने मांडली. भाषा म्हणजे तुरुंग नव्हे. शब्द नाही म्हणून माणसाला दिसतच नाही, असं होत नाही. मात्र शब्द नजरेला वळण लावतो.

याचा एक प्रयोगही तिने सांगितला. आपण आकाशी आणि गडद निळा, दोन्हींना निळाच म्हणतो. रशियन भाषेत ‘गोलुबोय’ आणि ‘सिनी’ असे दोन वेगळे रंग आहेत, दोन्हींना मिळून एक शब्द नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की, दोन छटा या दोन नावांखाली वाटल्या गेल्या असतील, तर रशियन माणसं त्यांतला फरक अधिक झटकन ओळखतात. इंग्रजी बोलणाऱ्यांत तसं दिसलं नाही. त्याच रशियन माणसांना मनात आकडे घोकत ठेवायला लावलं, तर हा फायदा नाहीसा होतो. म्हणजे डोळे तेच. पाहताना आतून शब्द मदत करत असतो.

आता घरातली गोष्ट. २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी शाळेतल्या एक बाई आमच्याकडे आल्या. माझी माहिती लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘काका, काकू काही काम करतात का?’’

मी म्हणालो, ‘‘नाही, घरीच असते.’’

पत्नी चहा घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, ‘‘लिहा हो बाई, रिकामी आहे म्हणून.’’

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. तोच शब्द होता. बाईंचाही दोष नव्हता. जनगणनेच्या हिशेबात केवळ घरकाम करणारी व्यक्ती ‘काम न करणारी’च गणली जाते.

त्या आठवड्यात जुन्या सवयीने मी एक वही केली आणि एका दिवसाच्या नोंदी घातल्या. पहाटे साडेपाचला नळाचं पाणी. नळ साडेपाचला येतो, हे मला कित्येक वर्षं ठाऊक होतं. पाणी कोण भरतं, याचा विचार केला नव्हता. दूध, डबे, आईचं औषधपाणी, दळण, कपडे, रात्रीचं विरजण, अशा सव्वीस नोंदी झाल्या. वही तिला दाखवली. तिने शांतपणे वाचली आणि म्हणाली, ‘‘अहो, एक राहिली. आईंच्या गोळ्या परवा संपतील, हे आज लक्षात ठेवणं. ते कुठल्या रकान्यात घालणार?’’

पुढे २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. आमच्या वहीतली एक ओळ देशाच्या वहीत आली, याचं मला बरं वाटलं.

कुणी म्हणेल, नुसती पाटी बदलून काय होतं? खरं आहे. अपघातानंतर मी पाटी बदलली : ‘वाफ असलेली पिंपं. आग आणू नका.’ दुसऱ्या दिवसापासून तिथे कुणी बसलं नाही. पिंपं तीच होती. पण वाफ काही पाटीने गेली नाही. पिंपं वाफाऱ्याने धुवावी लागली, उघड्यावर न्यावी लागली. घरातही ‘गृहिणी’ किंवा ‘होममेकर’ असं नाव दिल्याने हंडा भरत नाही. म्हणून पहाटेचं पाणी मी माझ्याकडे घेतलं. ते आजतागायत माझ्याकडेच आहे.

श्रोतेहो, ‘काही नाही’, ‘रिकामं आहे’, ‘घरीच असते’ हे शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! पुढच्या वेळी असा शब्द तोंडातून निघाला, तर एकदा झाकण उघडून आत पाहा.

तो हेल्पर मला अजून भेटतो. एका डोळ्याने पाहतो, पण हसून बोलतो. मी विषय काढला की माझी समजूत घालतो, ‘‘साहेब, तुमची काय चूक? पिंप रिकामंच होतं की!’’

त्याला हे मी अजून पटवून देऊ शकलेलो नाही.