पोराच्या वहीत घामाचा भाव
(कौंडण्यपूर येथील मेळाव्यातील भाषण)



रुक्मिणीमातेच्या या माहेरी, वर्धामाईच्या काठी, आज आम्ही घरातलाच एक विषय मांडणार आहोत. लेकरांना पैशाची किंमत कशी शिकवायची?

तान्ह्या पोळ्याला लेकरू लाकडी बैल घेऊन दारोदार फिरते, बोजारा मिळवते. खरा बैल वर्षभर राबतो. त्याची मजुरी कोणाच्या हिशेबात असते? तीच गत तुमच्या-आमच्या कष्टाची.

शाळेच्या गणितात दुकानदाराचा नफा-तोटा असतो. शेतकऱ्याच्या पोराला मालाचा खर्च कोण सांगतो? त्याला कापूस विकून आलेल्या नोटा दिसतात आणि चार दिवसांत त्या संपलेल्या दिसतात. मग बाप उधळ्या, म्हणून घरात कर्ज, असे त्याला वाटू लागते. हा खोटा धडा आधी पुसला पाहिजे.

या हंगामात पोराच्या हाती, पोरीच्याही हाती, एक वही द्या. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, वेचणी, गाडीभाडे, जसा खर्च होईल तसा लिहू द्या. माय स्वतः निंदायला गेली, तर गावात बाईला जी मजुरी चालू असेल ती मायच्या नावावर मांडा. बापाची मांडा, बैलजोडीचीही मांडा.

हे आमच्या मनचे नाही. केंद्राचा कृषिमूल्य आयोगही घरची मजुरी धरतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये क्विंटल ठरला, तो घरच्या मजुरीसह ५१४० रुपये खर्च धरून, त्याच्या दीडपट. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्या खर्चात नाही. शिवाय ५१४० ही देशाची सरासरी. समजा, एकरी ३०,००० रुपये लागले. सहा क्विंटल पिकले तर क्विंटलला ५००० पडले. पावसाने दगा दिला आणि चारच पिकले तर ७५००. खर्च तोच, पण हमीभाव मिळाला तरी हाती काय उरले, ही वजाबाकी पोरालाच करू द्या.

दुसरा धडा व्याजाचा. सावकाराचे ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस. जूनमध्ये १०,००० उचलले तर जानेवारीपर्यंत सात महिन्यांचे २१०० होतात. बँकेच्या सात टक्क्यांनी तेवढ्याच दिवसांचे सुमारे ४०८. हे गणित सातवीच्या लेकराला येते. ते बापाने अंगठा टेकवण्याआधी घरात व्हावे. आणि पावतीशिवाय पैसा द्यायचा नाही, हेही त्याच वहीत लिहून ठेवा.

खाऊचे पैसे गल्ल्यात टाकायला जरूर शिकवा. पण ज्याला मायच्या घामाचा भाव मांडता येत नाही, त्याला पैशाची किंमत कळली असे आम्ही मानत नाही.

पुढच्या मेळाव्याला या वह्या घेऊन या. भाव मागायला जाऊ, तेव्हा आपल्या हाती लेकरांच्या अक्षरातला हिशेब असू द्या.